संकटग्रस्त वनस्पतींची यादी आणि नाव कमी होण्याची कारणे

(निसर्गनिरीक्षण : इयत्ता पाचवी ते सातवी. तासिका चार, पैकी दोन वर्गात, दोन शाळेबाहेर.)

पाठाचा हेतू

अमुक वनस्पती संकटग्रस्तांच्या यादीत आली, तमुक वनस्पतीचे नाव यादीतून वगळले, अशा वार्ता वृत्तपत्रांत अधूनमधून येतात आणि परिपाठाच्या वेळी विद्यार्थी त्या वाचूनही दाखवितात. पहिली वार्ता ऐकून वर्ग हळहळतो, दुसरी ऐकून टाळ्या वाजवितो. पहिली प्रतिक्रिया बहुधा योग्य असते. दुसरी योग्य आहे की नाही, हे नाव कोणत्या कारणाने वगळले ते कळल्यावाचून सांगता येत नाही. ते कारण विचारण्याची सवय विद्यार्थ्यांस लागावी आणि आपल्या गावच्या एखाद्या वनस्पतीची विश्वसनीय गणती त्यांस करता यावी, हे या पाठाचे दोन हेतू होत.

राधानगरी तालुक्यातील शाळांना हा विषय दूरचा नाही. येथील अरण्यास १९५८ मध्ये दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ते राधानगरी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील निवडक स्थळांसह त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. ज्या मुलांच्या घरामागे असे रान आहे, त्यांनी वनस्पतींच्या याद्या केवळ पाठ न करता त्या कशा तयार होतात हेही समजून घेणे उचित आहे.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे : शाळेचा पट

पाठाचा प्रारंभ शाळेच्या जनरल रजिस्टराने करावा. शिक्षकाने रजिस्टर वर्गात आणून प्रश्न विचारावा : "या पटावरून एखाद्या मुलाचे नाव कमी झाले, तर त्या मुलाचे काय झाले असेल?" उत्तरे सहज येतील. एकाने सातवी पूर्ण केली व तो दाखला घेऊन पुढच्या शाळेत गेला. दुसऱ्याचे नाव चुकून दोनदा लिहिले होते, म्हणून एक खोडले. तिसरा गैरहजर समजून त्याचे नाव कमी केले होते; तो ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर दुसऱ्या गावी नियमित शाळेत जात होता असे मागाहून कळले. आणि क्वचित एखादे नाव असेही असते, की ज्याचा उल्लेख येताच वर्ग स्तब्ध होतो.

पटावरील रेघ चारही ठिकाणी सारखीच दिसते. रेघेचा अर्थ समजतो तो शेऱ्याच्या रकान्यातून. वनस्पतींच्या यादीतही असाच शेऱ्याचा रकाना असतो व तो वाचल्याखेरीज रेघेवर आनंद अथवा दुःख करू नये, एवढे मुलांच्या मनावर ठसले म्हणजे अर्धा पाठ झाला.

यादी कशी तयार होते

आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघ ही संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली व १९६४ पासून तिच्या लाल यादीची परंपरा मोजली जाते. या यादीत वनस्पती व प्राणी यांच्या श्रेणी लाविलेल्या असतात : नामशेष, निसर्गातून नामशेष, अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित, संकटासमीप आणि चिंतामुक्त. आपल्या देशात हे कार्य भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेकडे आहे. ही संस्था १८९० मध्ये स्थापन झाली. तिची पश्चिम विभागाची शाखा १९५५ पासून पुण्यास आहे. भारतीय वनस्पतींचा लाल नोंदग्रंथ तिने १९८७ ते १९९० या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केला.

पूर्वी श्रेणी ठरविताना तज्ज्ञांच्या अनुभवावर भर असे. १९९४ पासून संघाने संख्यात्मक निकष लागू केले. त्यांपैकी पुढील दोन विद्यार्थ्यांस समजण्याजोगे आहेत.

१. संख्येचा निकष : एखाद्या जातीची प्रौढ, म्हणजे प्रजननक्षम झाडे साऱ्या जगात मिळून २५० पेक्षा कमी असतील तर ती जात संकटग्रस्त, ५० पेक्षा कमी असतील तर अतिसंकटग्रस्त.

२. घटीचा निकष : दहा वर्षांत अथवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, संख्या निम्म्याने अथवा अधिक घटली तर जात संकटग्रस्त ठरू शकते. लक्षावधी झाडे असूनही एखादे नाव यादीत असते, ते यामुळे.

येथे एक भेद स्पष्ट करावा. लाल यादी ही वैज्ञानिक नोंद आहे. ती स्वतः कायदा नव्हे. कायद्याच्या याद्या वेगळ्या असतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीने त्यात काही वनस्पतींच्या संरक्षणाचे प्रकरण जोडले गेले. जैविक विविधता अधिनियम २००२ च्या अडतिसाव्या कलमान्वये केंद्र शासनास, संबंधित राज्य शासनाशी विचारविनिमय करून, नष्ट होण्याच्या मार्गावरील जाती अधिसूचित करता येतात. एका यादीतून नाव कमी झाले म्हणजे दुसऱ्या यादीतूनही ते आपोआप कमी होते, असे समजू नये.

नाव कमी होण्याची चार कारणे

पहिले कारण : संख्या खरोखर वाढणे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याच्या पर्वतमाथ्यावर गुलाबाच्या कुळातील एक अगदी बुटकी, पिवळ्या फुलांची वनस्पती आहे. तिला रॉबिन्स सिंकफॉइल म्हणतात. तिच्या मुख्य वस्तीतून गिर्यारोहकांची पायवाट जात असे व पायांखाली रोपे तुडविली जात. १९८० मध्ये ती अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आली. त्यानंतर पायवाट वळविण्यात आली, येणाऱ्यांस समजावून सांगण्यात आले आणि रोपे वाढवून अन्य योग्य जागी लाविण्यात आली. २००२ मध्ये, रोपांची संख्या चौदा हजारांच्या पुढे गेल्यावर, तिचे नाव यादीतून काढण्यात आले. हा विद्यार्थी उत्तीर्ण होऊन दाखला घेऊन गेला. तेथील कायद्याप्रमाणे नाव काढल्यावरही निदान पाच वर्षे देखरेख ठेवावी लागते, हेही सांगावे.

दुसरे कारण : शोधात अधिक ठिकाणी सापडणे. यासाठी आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण द्यावे. १९१९ मध्ये जोगच्या धबधब्याजवळ, तुषारांनी ओल्या राहणाऱ्या जागी, एक नाजूक गवत गोळा करण्यात आले. सुमारे तीन दशकांनी नॉर्मन बोर या तृणतज्ज्ञाने त्यास हबार्डिया हेप्टान्यूरॉन असे नाव दिले. पुढे शरावती नदीवर धरणे झाली. लिंगनमक्कीचे मोठे धरण १९६४ मध्ये पूर्ण झाले आणि धबधब्याचे पाणी घटले. नंतरच्या शोधांत ते गवत जोगला मिळाले नाही व ते जगातून नष्ट झाले असे मानले गेले. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील प्राध्यापक एस. आर. यादव व त्यांच्या सहकाऱ्यांस तेच गवत चंदगड तालुक्यात, तिलारीच्या परिसरात आढळले. राधानगरीचे डोंगर ज्या सह्याद्रीच्या रांगेत आहेत, तिच्याच दक्षिणेकडील हा भाग होय.

या शोधाने 'नामशेष' हा शेरा खोडला गेला. परंतु गवत वाढले म्हणून तो खोडला गेला नाही. कोणी तेथवर जाऊन नीट पाहिले म्हणून खोडला गेला. ते गवत अत्यंत दुर्मीळच राहिले. गैरहजर समजलेला विद्यार्थी दुसऱ्या गावी सापडला, एवढाच याचा अर्थ.

तिसरे कारण : नाव बदलणे. शिंदळ माकुडी ही महाराष्ट्राच्या कडेकपारीत वाढणारी मांसल खोडाची वनस्पती. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात जुन्नरच्या परिसरातून ती प्रथम नोंदविली व मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका म्हटले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील बारा अत्यंत संकटग्रस्त वनस्पतींत तिची गणना होत असे. शिवनेरी, पुरंदर परिसर, सज्जनगड अशा ठिकाणी तिची नोंद आहे. काही शास्त्रज्ञांनी अलीकडे तिचा समावेश बौसेरोसिया या प्रजातीत केला असून तेथे तिचे नाव बौसेरोसिया फ्रेराय असे आहे. जुन्या यादीतील नाव नव्या यादीत शोधणाऱ्यास ते मिळणार नाही. म्हणून वनस्पती सुरक्षित झाली असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. कड्यावरील झाडास या नामांतराची वार्ताही नसते.

चौथे कारण : नष्ट होणे. जी वनस्पती उरलीच नाही, तिचे नाव संकटग्रस्तांतून निघून नामशेषांत जाते. येथे मुलांस जोगच्या गवताकडे पुन्हा वळवावे. ती जात तिलारीस आहे, म्हणून जगाच्या पटावर तिचे नाव आहे. परंतु जोग येथे जी तिची वस्ती होती, ती गेली. जातीचा पट वेगळा आणि गावच्या वस्तीचा पट वेगळा. एखादी वनस्पती जगाच्या यादीत चिंतामुक्त असू शकते आणि त्याच वर्षी आपल्या गावच्या सड्यावरून कायमची जाऊ शकते. तिचे जाणे जगाच्या यादीत उमटत नाही. ते लिहून ठेवणारे कोणी असेल तर ते गावचेच कोणी असेल.

घाईने नाव कमी करण्याचा धोका

श्रेणी बदलण्याच्या नियमात एक शहाणपण आहे. संकट वाढल्याचे दिसताच वनस्पतीस वरच्या संकटश्रेणीत विनाविलंब घालावे. परंतु खालच्या श्रेणीत आणावयाचे तर वरच्या श्रेणीचा एकही निकष निदान पाच वर्षे लागू नसला पाहिजे. मूळ नोंदच चुकीची ठरल्यास मात्र दुरुस्ती तत्काळ करता येते. तापातून उठलेल्या मुलास आई ज्याप्रमाणे ताप उतरताच पावसात पाठवीत नाही, त्याप्रमाणेच हे आहे.

या संदर्भात रक्तचंदनाचे उदाहरण द्यावे. हा वृक्ष निसर्गतः मुख्यत्वे आंध्र प्रदेशाच्या दक्षिण भागातील डोंगरांत होतो. त्याच्या लाकडास परदेशांत मोठी मागणी असून चोरटी तोड सातत्याने होत आली आहे. लाल यादीत तो संकटग्रस्त होता. २०१८ मध्ये त्यास 'संकटासमीप' या सौम्य श्रेणीत आणण्यात आले. परंतु २०२२ उजाडण्यापूर्वीच त्याचे नाव पुनः संकटग्रस्तांत घालावे लागले. मोठा रक्तचंदन वृक्ष तयार होण्यास अनेक दशके लागतात, यादीतील शब्द मात्र एका दिवसात बदलतो. या दोन कालमानांतील अंतर विद्यार्थ्यांस फळ्यावर रेषा काढून दाखवावे.

राधानगरीच्या रानातही अशी मागणी असलेली झाडे आहेत. नरक्या हे त्यांतील एक. त्याच्या दुर्गंधामुळे त्यास हे नाव पडले. कर्करोगावरील औषधे ज्यापासून तयार होतात ते कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य त्यात असल्याचे १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखविले. तेव्हापासून ज्या झाडास कोणी विचारीत नव्हते, त्यावर कुऱ्हाड येऊ लागली. यादीतील शेरा किती महत्त्वाचा, हे अशा झाडाच्या बाबतीत कळते.

प्रात्यक्षिक : गावच्या वनस्पतीची गणती

स्थळ : गावचे गायरान, शाळेजवळचा कातळसडा, देवराई अथवा ओढ्याचा काठ. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीवाचून जाऊ नये व तेथून पानही आणू नये. गव्यांचा वावर लक्षात घेऊन सकाळी उजेडात, रानाची माहिती असलेल्या गावच्या प्रौढ माणसास बरोबर घेऊनच निघावे.

काळ : भाद्रपद-आश्विन. खरपुडी अथवा कंदीलपुष्प यांसारख्या कंदवर्गीय वनस्पती पावसाळ्यात वर येतात व उन्हाळ्यात जमिनीखाली निजतात. वैशाखात मोजले तर त्यांची संख्या शून्य भरेल व ते शून्य खोटे असेल. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि बी पडल्यावर मरते; त्या उन्हाळ्यात पाहणारास संपूर्ण उतार मेलेला दिसेल. वनस्पतीचा जीवनक्रम ठाऊक नसेल तर गणती फसते.

कृती :

१. एकच वनस्पती निवडावी. तिची ओळख गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांकडून पक्की करून घ्यावी व स्थानिक नाव लिहावे.

२. सुतळी व चार खुंट्या घेऊन एक मीटर बाजूचा चौरस आखावा. असे दहा चौरस घ्यावेत. झाडे दाट दिसतात तेथेच चौरस मांडण्याचा मोह मुलांस होतो. म्हणून एका टोकापासून सरळ रेषेत, ठराविक पावलांनी, जेथे पाऊल पडेल तेथेच चौरस आखावा.

३. प्रत्येक चौरसात दोन आकडे लिहावेत : एकूण रोपे, आणि त्यांपैकी फुले वा फळे आलेली रोपे.

४. काहीही उपटू नये. खरपुडीचा कंद खाण्यास गोड लागतो, पण तो काढला म्हणजे रोप संपते.

हिशोब : समजा, दहा चौरसांत मिळून ३० रोपे मिळाली व त्यांपैकी १२ फुललेली होती. वस्तीची जागा एक गुंठा, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर आहे. दर चौरस मीटरला सरासरी ३ रोपे धरल्यास एकूण ३०३ रोपे होतात. परंतु फुललेली रोपे सरासरी १.२, म्हणजे एकूण सुमारे १२१ भरतात. यादीसाठी प्रौढ संख्या धरतात, म्हणून उत्तर १२१ हे होय. तीनशेचा आकडा सांगणारा खोटे बोलत नाही, तरी त्याच्या आकड्यावर विसंबून नाव कमी केले तर वनस्पतीची हानी होईल. सातवीच्या गणितातील सरासरीचा घटक येथे प्रत्यक्षात येतो.

नोंदवही : वनस्पतीचे नाव, दिनांक, जागा, एकूण रोपे, फुललेली रोपे, दिसलेला त्रास (चराई, वणवा, माती-दगड काढणे, वाहनांची ये-जा) आणि शेरा, असे रकाने आखावेत. दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा बाहेरच्या माणसांस सांगू नये. तिचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकताना गावाचे अथवा डोंगराचे नाव देऊ नये. नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीस द्यावी. लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याचे काम कायद्याने तिच्याकडे आहे व शाळेची नोंद तेथे उपयोगी पडते.

शिक्षकांस विशेष सूचना

एका वर्षाच्या गणतीवरून वस्ती वाढली की घटली हे ठरविता येत नाही. निदान पाच पावसाळ्यांच्या नोंदी हव्यात. तिसरीत आलेले मूल सातवी होईपर्यंत पाच पावसाळे पाहते; म्हणजे एका मुलाच्या शाळेतील वास्तव्यात एक पूर्ण नोंद होऊ शकते. परंतु इतक्या काळात शिक्षकाची बदली होण्याचा संभव असतो. सड्याची बदली होत नाही. म्हणून ही वही शिक्षकाच्या पेटीत न ठेवता शाळेच्या दप्तरात ठेवावी, जड वस्तू संग्रह नोंदवहीप्रमाणे तिचा कार्यभार देताना-घेताना उल्लेख करावा, आणि नव्या शिक्षकास पहिल्याच पावसाळ्यात जुन्या मुलांनी ती जागा दाखवावी. अर्धवट तुटलेली नोंद पुढे कोणास वाचता येत नाही व तोवर केलेले श्रम वाया जातात.

आकडा कमी आला म्हणून मुलांस रागावू नये आणि अधिक आला म्हणून विशेष शाबासकी देऊ नये. शाबासकी अधिक आकड्यास मिळते असे दिसले की पुढील वर्षी आकडा वाढेल, वनस्पती वाढणार नाही. जे दिसले ते लिहिले, यासाठीच शाबासकी द्यावी.

स्वाध्याय

१. यादीतून वनस्पतीचे नाव कमी होण्याची चार कारणे कोणती? प्रत्येकाचे एक उदाहरण लिहा.

२. जोग येथील गवत तिलारीस सापडले, तरी जोगची हानी भरून निघाली असे म्हणता येईल काय? कारण द्या.

३. श्रेणी वाढविताना विलंब करू नये, उतरविताना मात्र पाच वर्षे थांबावे, असा नियम का असावा?

४. तुमच्या आजी-आजोबांच्या लहानपणी गावात दिसणारी, पण आता न दिसणारी एक वनस्पती विचारून घ्या. ती कोठे वाढत असे व कशासाठी वापरीत, ते पाच ओळींत लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकाने वर्गात वाचून घ्यावीत. एकच नाव अनेक घरांतून आले, तर पुढील पावसाळ्यात त्या वनस्पतीच्या जुन्या जागी मुलांस घेऊन जावे. ती मिळाल्यास नोंदवहीत तिचे पान उघडावे. न मिळाल्यासही पान उघडावे, जागा व दिनांक लिहावा आणि शेऱ्याच्या रकान्यात 'या वर्षी आढळली नाही' एवढेच लिहावे. 'नष्ट झाली' असे लिहिण्यापूर्वी आणखी चार पावसाळे शोध घ्यावयाचा आहे.